सहावा रकाना

येळ्ळूर रस्त्याला, जिथं शहर संपतं पण कुत्री संपत नाहीत,
तिथं पत्र्याची शेड आहे आमची.
बत्तीस वर्षं निपाणी गाडीवर तिकिटं फाडली,
आता इथं वही लिहितो.
आल्याची तारीख. रंग. नर की मादी. जखम. कुणी आणलं.
आणि सहावा रकाना, मी स्वतः पट्टीनं आखलेला :
हाक कुठल्या भाषेत ऐकतो.

मुल्ला डॉक्टरबाई हसल्या होत्या.
म्हणाल्या, हुंदरे, इथंपण तोच वाद आणलात की!
वाद नव्हे बाई, सोय.
रात्री दोनला पिंजऱ्यात हात घालताना
‘ये ये’ म्हणायचं की ‘बा बा’
हे शिवलिंगव्वाला ठाऊक नको?
चुकीच्या शब्दाला दात असतात.

तर वहीत असं :
तांबडी मांजरी, शहापूर. मराठी. दुधाला मात्र कन्नड.
गाढव, परटाचं. दोन्ही. तिसऱ्या शिवीला चालतं.
लॅब्राडोर, म्हातारा, कॅम्पातल्या सुभेदाराचा.
इंग्रजीत बसतो. उठवायला मराठी लागतं.
बोकड, जत्रेतून दावं तोडून आलेला. कुठलीच नाही.
कुणी बोलावलं की उलट्या दिशेनं पळतो.
शहाणा आहे.

गुरुवारी पिसाळीची लस, फुकट.
रांग गेटाच्या बाहेर नाल्यापर्यंत.
सायकलच्या कॅरियरला टोपली बांधून चार पिल्लं आणणारा पोरगा,
अंगणवाडीच्या बाई, पानवाला, त्याच्या पोटरीला टाके,
आणि अनगोळची सुलभा, जिच्याकडं कुत्रं नाही, मांजर नाही.
नुसती उभी असते. विचारलं तर म्हणते,
घरात बोलायला कोण हाय सांगा?
तिला आम्ही कात्री दिली.
वडगावच्या मागांवरून काठांच्या चिंध्या येतात पोत्यानं,
त्या कापून, शिवून ती अंथरुणं करते.
आमची लूत भरलेली कुत्री जरीवर झोपतात.

गाड्या बंद होत्या त्या आठवड्यातली गोष्ट.
कोगनोळीच्या नाक्यावर टायर जळत होते,
माणूस इकडचा तिकडं जात नव्हता.
तरी एक कुत्रा आला.
पलीकडच्या कुणी नाक्यापर्यंत उचलून आणला,
अलीकडच्या टेम्पोवाल्यानं पुढं.
‘कुणी आणलं’ मध्ये दोन सह्या, दोन लिप्यांत,
एकमेकीला खेटून. जागा कमी पडली.

काळा. एक कान नाही. मागचा पाय गेलेला.
ये म्हटलं, गप्प.
बा म्हटलं, गप्प.
डॉक्टरबाईंनी उर्दूत लाड केले.
शिवलिंगव्वानं शीळ घातली, तिच्या नवऱ्यालाही न जमणारी.
नऊ दिवस रकाना कोरा.
बिनतिकिटाचा माणूस गाडीत बसलाय
आणि मला दिसतोय, तसं टोचायचं.

दहाव्या दिवशी, दुपारी, लाईट आली.
भिंतीपलीकडं बडमंजींच्या घरात माग सुरू झाला,
खटक् खट, खटक् खट,
आणि तो उठला.
तीन पायांवर, भिंतीपर्यंत गेला,
होता तो कान विटेला लावला.
शेपूट आधी चुकलं,
मग तालावर आलं.

कुठल्या गावच्या मागाखाली वाढला,
माग भंगारात गेला की माणूस,
याला वहीत रकाना नाही.
मी सहाव्यात लिहिलं : माग.
खोडून पुन्हा लिहिलं, अक्षर नीट यावं म्हणून.

पावणेसहाला लाईट गेली.
खटखट थांबली. तो बसला नाही,
शेवटची गाडी चुकलेला माणूस
थांब्यावर उभा राहतो, तसा राहिला.

इरव्वा बडमंजी केसांतला कापूस झटकत बाहेर आली.
यारदु इदु? म्हणाली. कुणाचं हे?
बत्तीस वर्षं मी दोन्हीकडच्या लोकांना
कुठं उतरायचं ते सांगत आलो.
मला उत्तर सुचलं नाही.

तिनं आपलं मागचं दार
जरा जास्त उघडं ठेवलं, इतकंच.